सही उद्या कर

आज रात्री सही करायची नाही, एवढं आधी ठरव. पत्र समोर ठेव, पेन बॅगेतच राहू दे. रुग्णालयातून फोन आला असेल, ‘उद्याच जॉइन व्हा, दुसऱ्या मुली थांबल्या आहेत’ असं कुणी म्हटलं असेल, तरीही. ज्या जागी तुझी पुढची दोन वर्षं जाणार आहेत, तिचा एक रात्र विचार करायला कुणाची परवानगी लागत नाही.

तू कोण आहेस ते मनाशी धरून मी बोलते आहे. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग संपलं, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली, आता नावापुढे आरएन, आरएम लावता येतं. एखाद्या पन्नास-साठ खाटांच्या खाजगी रुग्णालयातून स्टाफ नर्स म्हणून पहिलं पत्र आलं आहे. मी ‘मुली’ म्हणते आहे, पण ब्रदर म्हणून वॉर्डात उभ्या राहणाऱ्या मुलानंही हे आपलंच समजावं.

आधी आनंदाकडे बघ. तीन-चार वर्षं केस स्टडी लिहिल्या, क्लिनिकलला जायला पहाटेची बस धरली, पहिल्यांदा शीर सापडली नाही तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडलीस. आता कुणीतरी कागदावर तुझं पूर्ण नाव छापून तुला बोलावतं आहे. हा आनंद खरा आहे. शहाणपणाच्या नावाखाली तो लगेच दाबून टाकू नकोस. थोडा वेळ त्याच्यासोबत बस.

मग त्याच्या शेजारी काय आहे ते बघ. बहुतेकदा भीती असते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता. धाकट्या भावाची फी. ‘पहिलीच नोकरी आहे, मिळते ती धर’ असं म्हणणारी आत्या, जी वाईट हेतूनं बोलत नाही. बॅचमधल्या मैत्रिणीनं रुजू होऊन लावलेलं स्टेटस. या भीतीला हाकलायचं नाही, फक्त वेगळं करायचं. ही माझ्या घरची परिस्थिती आहे, हे पत्रात लिहिलेलं नाही, असं स्वतःशी स्पष्ट म्हण. परिस्थितीमुळे तुला कदाचित हे पत्र स्वीकारावंही लागेल. पण परिस्थिती अवघड आहे म्हणून पत्र चांगलं ठरत नाही.

एक श्वास घे. आता पत्र मोठ्यानं वाच. मनात नको, आवाज येऊ दे.

अशा पत्रांत साधारण असं असतं: तुमची स्टाफ नर्स पदावर नियुक्ती करण्यात येत आहे. वेतन चर्चा झाल्याप्रमाणे. कामाची वेळ रुग्णालयाच्या गरजेनुसार. रजा व इतर सुविधा रुग्णालयाच्या धोरणानुसार. किमान दोन वर्षं सेवा बंधनकारक, मुदतीआधी सोडल्यास एक लाख रुपये भरावे लागतील.

पुन्हा वाच. या वेळी फक्त आकडे शोध.

दोन वर्षं. एक लाख. एवढेच आकडे आहेत ना? तू त्यांना जे द्यायचं आहेस ते मोजून लिहिलं आहे. ते तुला जे देणार आहेत, त्याच्यापुढे ‘नुसार’ आणि ‘प्रमाणे’ आहे. याच्यापाशी घाई न करता थांब. राग आला तर येऊ दे, पण त्यावर आज काही करायचं नाही. तुला जिथे बांधलं जातं तिथे पत्र नेमकं आहे, त्यांना जिथे बांधून घ्यायचं तिथे ते सैल आहे, एवढं फक्त नीट पाहून घे. यामागे दर वेळी डाव असतो असं नाही. तालुक्याच्या गावातल्या अनेक रुग्णालयांत डॉक्टरसाहेबांनी दहा वर्षांपूर्वी कुठून तरी आणलेला नमुनाच अजून चालतो, आणि तो नीट वाचायची वेळ त्यांच्यावरही आलेली नसते. हेतू चांगला असो वा वाईट, सैल जागा सैलच राहते.

तुला शिकवलेलं आठव. डॉक्टरांनी औषधाचं नाव लिहिलं, पण डोस, मार्ग आणि वेळ लिहिली नाही, तर तू ते देतेस का? नाही देत. फोन करून विचारतेस, नोंद करून घेतेस, आणि त्यात उद्धटपणा आहे असं तुला वाटत नाही. या पत्राला तीच नजर लाव.

आता एकेका ओळीपाशी बसू.

वेतन चर्चा झाल्याप्रमाणे. चर्चेत वीस हजार म्हणाले होते. वीस हजार म्हणजे काय, हे कुणी सांगितलं का? तो आकडा सीटीसीचा, म्हणजे रुग्णालयाला पडणाऱ्या एकूण खर्चाचा असेल, तर रुग्णालयानं भरायचा भविष्यनिर्वाह निधीही त्याच्याच पोटात असतो. हिशोब करून बघ, कागदावर कर. पीएफ 15,000 रुपयांवर धरला तर मालकाचे 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये आधीच त्या वीस हजारांतून गेले. राज्य कामगार विम्याचे मालकाचे सव्वातीन टक्केही गेले. उरला सुमारे 17,600 रुपयांचा पगार. त्यातून तुझ्या वाट्याचे 1,800 आणि विम्याचा पाऊण टक्का वजा कर. हातात साधारण 15,700 येतात. हॉस्टेल आणि मेसचे पैसे याच्यातूनच कापले जाणार असतील, तर ते निराळे. पीएफ तुझाच पैसा आहे आणि विम्याचा उपयोग होतो, ते तोट्यात धरू नकोस. पण घरी वीस हजारांवर बेत आखला आणि महिन्याच्या शेवटी पंधरा हजार आले, तर हप्ता चुकतो तो तुझा. काही ठिकाणी ग्रॅच्युइटीसुद्धा सीटीसीत मोजतात, जी हातात पडायला वर्षं जावी लागतात. दुसरीकडे, ‘आमच्याकडे पीएफ नाही, पूर्ण रोख देतो’ असं म्हणणारं रुग्णालय वीस किंवा अधिक माणसं कामाला ठेवत असेल, तर ते उदार नाही, कायदा टाळतं आहे.

रक्कम पुरेशी आहे का, हे ताडायला एक जुना मापदंड आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 च्या आदेशावरून केंद्रानं खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनासाठी तज्ज्ञ समिती नेमली. समितीनं सुचवलं की दोनशेहून अधिक खाटा असतील तर त्या राज्यातल्या सरकारी परिचारिकेइतकं वेतन द्यावं, शंभराहून अधिक खाटांना फार तर 10 टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांना फार तर 25 टक्के कमी, आणि पन्नासच्या आतल्या रुग्णालयातही 20,000 रुपयांच्या खाली जाऊ नये. या शिफारशी होत्या, त्यांना कायद्याचं बळ मिळालं नाही. तरी 2016 मध्ये लहानात लहान रुग्णालयासाठी काय वाजवी मानलं गेलं, ते तुला ठाऊक असलं पाहिजे. आजच्या पत्रातला आकडा त्याच्या शेजारी ठेव आणि काही वेळ नुसती बघत राहा.

पुढची ओळ. कामाची वेळ रुग्णालयाच्या गरजेनुसार.

मला वाटतं सगळ्या पत्रात सर्वांत जड ओळ हीच आहे. पगाराबद्दल निदान कुणी तरी विचारतं, हिच्याबद्दल कुणी विचारत नाही. डोळे मीट. तिसऱ्या आठवड्यातली नाइट समोर आण. रात्री आठला ओव्हर घेतलास. वॉर्डात किती रुग्ण आहेत? बारा? वीस? सोबत दुसरी सिस्टर आहे का, की फक्त मावशी? दोन वाजता खाट नंबर सहाचं सॅच्युरेशन उतरायला लागलं, आणि त्याच वेळी खालून कॅज्युअल्टीतून पेशंट वर येतो आहे. आरएमओ कुठे आहे? फोन लागतो का? सकाळी आठला रिलीव्हर आलीच नाही, तर इन्चार्ज म्हणणार, ‘आजचा दिवस डबल कर.’ त्या डबलचे पैसे, की बदली सुट्टी, की काहीच नाही? हे घाबरवायला सांगत नाही. ही रात्र कुठल्याही रुग्णालयात येते, मोठ्या नावाच्याही. प्रश्न एवढाच की ती आली तर काय करायचं, हे कुणी आधी ठरवलं आहे का. पत्रातली रिकामी जागा कायम रिकामी राहत नाही. अशा एखाद्या सकाळी, तू पुरती थकलेली असताना, दुसरं कुणी तरी ती आपल्या सोयीनं भरतं.

म्हणून तास विचार. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, 2025 च्या दुरुस्तीनंतर, जिथे वीस किंवा अधिक माणसं काम करतात तिथे, दिवसाला दहा तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा आहे, आणि जादा कामाला दुप्पट दर. सकाळी 8 ते 2, दुपारी 2 ते 8 आणि रात्री 8 ते 8 हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम. महिन्यात किती नाइट, नाइटनंतर किती ऑफ, हे ज्यांना सांगता येतं त्यांचं रोस्टर निदान कागदावर तरी असतं.

आणि विचार, पहिला महिना मला गणतीत धरणार की गणतीबाहेर? हा प्रश्न मुली विचारत नाहीत, आणि मला त्याची सर्वांत जास्त काळजी वाटते. नव्या मुलीला काही आठवडे अनुभवी सिस्टरबरोबर जादा म्हणून ठेवलं, तर ती शिकते. पहिल्याच दिवशी रोस्टरमध्ये पूर्ण नर्स म्हणून मोजलं, तर ती फक्त भागवते. आयसीयू देणार असतील तर याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका हे प्रमाण तू पुस्तकात वाचलं आहेस. तिथे तीन व्हेंटिलेटर आणि एकटी तू असणार असशील, तर चूक घडण्याचा धोका तुझ्या नोंदणी क्रमांकावर येतो, आणि त्याहून आधी त्या रुग्णावर. ‘मला किती रुग्ण बघायचे असतील’ हा प्रश्न सुखसोयीचा नाही. तू रुग्णाच्या बाजूनं तो विचारते आहेस, म्हणून आवाज खाली घ्यायचं कारण नाही.

रजा आणि सुविधा मी भराभर घेते. आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा, पगाराची तारीख, हे एका वाक्यात विचारता येतं. फक्त एक गोष्ट वेगळी काढ: सुई टोचली तर काय? हिपॅटायटिस बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घ्यायचे असतात. तुझे झाले नसतील तर रुग्णालय देणार का? एचआयव्हीच्या प्रतिबंधाचं औषध टोचल्यावर शक्य तितक्या लवकर सुरू करावं लागतं, 72 तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. रात्री तीनला टोचली तर ते औषध कुठे मिळतं, हे सांगता येणारी मेट्रन भेटली, तर त्या रुग्णालयाबद्दल माझं मत चांगलं होतं.

आता दोन वर्षं आणि एक लाख. इथे सावकाश.

कुणी सांगेल, ‘बाँडला काही अर्थ नसतो, बिनधास्त सही कर.’ हा सल्ला ऐकू नकोस. सर्वोच्च न्यायालयानं 14 मे 2025 ला विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा आणि दोन लाखांची अट वैध धरली. ती सरकारी बँक होती, पद अधिकाऱ्याचं होतं, तुझी गोष्ट वेगळी ठरू शकते. पण सेवेच्या मुदतीचं बंधन आपोआप रद्द होतं, असं समजून चालता येत नाही. उलट भीतीही अवाजवी नको. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. म्हणून विचार की या दोन वर्षांच्या बदल्यात रुग्णालय तुझ्यावर काय खर्च करणार आहे. एखादं आयसीयूचं प्रशिक्षण? एखादा कोर्स? काहीच नसेल, तर बंधन कशाचं? आणि वर्षभर काम केल्यावर सोडलंस तर पूर्ण लाख, की निम्मे? आजारपण, लग्न, बदली होऊन दुसऱ्या गावी जाणं, सरकारी नोकरी लागणं, यांत सूट आहे का? त्यांनी तुला काढलं तर? मोघम पत्रात बाँड एका ओळीचा असतो, त्याचे हे सगळे फाटे मात्र लिहिलेले नसतात.

सरकारी नोकरीचा उल्लेख केला, म्हणून आणखी एक. एम्सच्या नॉर्सेट परीक्षेला जीएनएमवाल्यांना किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. परदेशी जायचं मनात असेल, तरी अनुभव बहुतेक ठिकाणी मागतातच. म्हणजे या नोकरीतून तुला मिळणाऱ्या मोलाच्या गोष्टींपैकी एक म्हणजे शेवटी हातात पडणारं अनुभवाचं पत्र. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, विभाग, पद आणि खाटांची संख्या असेल का? नोटिशीची मुदत किती, आणि ती पाळली तर ते पत्र किती दिवसांत मिळेल? ही अट पहिल्या दिवशी विचारणं सोपं असतं, शेवटच्या दिवशी तुझ्या हातात काही उरलेलं नसतं.

आता जरा पत्र बाजूला ठेव आणि मुलाखतीत मिळालेले शब्द आठव. ‘काळजी करू नका, आपण सगळं बघून घेऊ.’ ‘इथे सगळे घरच्यासारखेच आहेत.’ असं बोलणारे डॉक्टरसाहेब अनेकदा खरोखर चांगले असतात. लहान रुग्णालयात मुलगी सहा महिन्यांत जेवढं शिकते, तेवढं मोठ्या ठिकाणी एका विभागात अडकून शिकत नाही, हेही मी पाहिलं आहे. त्यांच्या शब्दावर संशय घेऊ नकोस. पण शब्द देणारा माणूस आणि महिन्याच्या शेवटी पगार काढणारा माणूस बहुधा वेगळे असतात. डॉक्टरसाहेब ओटीत असतील, गावाला गेले असतील, त्यांचा मुलगा कारभार बघायला लागला असेल. अकाउंटंटसमोर तू ‘सर म्हणाले होते’ म्हणशील, आणि तो खरंच म्हणेल की मला माहीत नाही. चांगल्या माणसाचा शब्द कागदावर आणून घेतला, तर त्याच्या चांगुलपणाचा मान राहतो.

मागायचं कसं, हे बहुतेक जणींना अवघड जातं. आवाज बदलू नकोस, कायद्याची कलमं तोंडावर फेकू नकोस. उद्या सकाळी असं लिही: ‘मॅडम, आपल्या रुग्णालयात काम करण्याची संधी दिल्याबद्दल आभारी आहे. रुजू होण्यापूर्वी हातात येणारं मासिक वेतन व कपाती, ड्युटीचे तास व महिन्यातील नाइट, सुरुवातीचा प्रशिक्षणाचा काळ, सेवा-अटीचा तपशील आणि अनुभवपत्र, एवढ्या बाबी लेखी कळवल्यास मला घरी चर्चा करून लगेच उत्तर देता येईल.’ एवढंच. केंद्राच्या श्रम संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या, आणि त्यांत नियुक्तिपत्र देणं हे मालकाचं कर्तव्य धरलं आहे. तू मेहेरबानी मागत नाहीस, हे तुला ठाऊक असू दे. पत्रात ते लिहायची गरज नाही.

पाठवून झालं की त्यांचं वागणं बघ. काही प्रश्नांची उत्तरं आली आणि काहींची ‘अजून ठरलं नाही’ अशी आली, तर मी ते चांगलं लक्षण मानते, कारण खरं बोललं जातं आहे. फोन आला आणि तोंडी सगळं सांगितलं, तर आभार मान आणि तेच मुद्दे त्यांना मेसेज करून ‘आपण सांगितल्याप्रमाणे’ असं लिही. त्यांनी हो म्हटलं, तर तुझ्याकडे काही तरी आलं. आणि ‘एवढे प्रश्न विचारणारी मुलगी आम्हाला नको’ असं उत्तर आलं, तर दुःख होईल. होऊ दे. जिथे रुग्णांची संख्या विचारणं सहन होत नाही, तिथे पहाटे चारला ‘डॉक्टर, तुम्ही आत्ता यायला हवं’ हे सांगणंही सहन होणार नाही.

पण असंही होईल की उत्तर अर्धवट आलं, दुसरं पत्र हातात नाही आणि हप्ता पाच तारखेला आहे. तेव्हा तू सही करशील, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग डोळे उघडे ठेवून कर. सही केलेल्या प्रत्येक पानाची प्रत त्याच दिवशी घे. रोजच्या ड्युटीची नोंद स्वतःच्या डायरीत ठेव, डबल केलेल्या दिवसांसह. रोस्टरचा फोटो काढून ठेव. पीएफचा यूएएन क्रमांक पहिल्या पगारानंतर विचार आणि पैसे जमा होत आहेत का, ते स्वतः तपास. सहा महिन्यांनी हे पत्र पुन्हा काढून वाच आणि ठरव, थांबायचं की हलायचं.

एवढं सगळं जुळवून घेता येईल, दोन गोष्टी मात्र नाहीत. काही ठिकाणी रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगतात, ‘बाँड संपला की परत’ म्हणतात. काही ठिकाणी सही केलेला कोरा चेक मागतात. मूळ कागद पडताळणीला दाखव, समोर बसून झेरॉक्स दे आणि मूळ प्रती त्याच वेळी परत घेऊन बाहेर पड. नोंदणी प्रमाणपत्र त्यांच्या कपाटात गेलं की दुसरीकडे मुलाखतीलाही जाता येत नाही. कोऱ्या चेकवर रक्कम दुसरं कुणी लिहितं, आणि तो न वटल्यास परक्राम्य संलेख कायद्याच्या (एनआय अ‍ॅक्ट) कलम 138 खाली फौजदारी प्रकरण तुझ्यावर होऊ शकतं. या दोन्हींपैकी एकही मागणारं रुग्णालय पगार कितीही देत असलं तरी तिथे रुजू होऊ नकोस. घरच्यांनी आग्रह केला, तर त्यांना हा परिच्छेद वाचून दाखव.